हरणीचा रकाना

अण्णांनी कंपनीतून आणलेल्या खोक्यात नेमकं काय आहे, हे आमच्या घरात चार दिवस कुणालाच ठरवता आलं नव्हतं. नवीन मशीन बसवायला एक विलायती इंजिनिअर येऊन तीन महिने राहिला होता आणि जाताना त्यानं आपलं नको असलेलं सामान ज्याला त्याला वाटून टाकलं. कुणाला रेनकोट मिळाला, कुणाला जाड तळव्याचे बूट. अण्णा टूलरूममध्ये त्याच्या हाताखाली होते, त्यांच्या वाट्याला हे खोकं आलं. "मुलीला इंग्रजी वाचायला दे," असं साहेब म्हणाला म्हणे. आत एक पातळसं पुस्तक होतं, त्यावर आग ओकणाऱ्या सापाचं चित्र, आणि सुपारीएवढे सहा फासे. एकाला तर वीस बाजू. आईनं तो तळहातावर घेऊन उजेडात धरला आणि म्हणाली, "हे काय सरळ दान देणारं दिसंना." आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, तर हातच लावला नाही. "फासे हायेत ते. फाशापायी राज्यं बुडलीत. घरात नगं," एवढं बोलून ते ओट्यावर जाऊन बसले.

तेव्हा आम्ही पुंडलिकनगरात, मालकांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. अर्धी वस्ती बांधून झालेली, अर्धी नुसती चुन्यानं आखून ठेवलेली. पुढं मालकांचा ओटा होता, आणि आमच्याकडे यायचं तर त्यांच्या खिडकीसमोरूनच यावं लागे. मालक माणूस तसा सज्जन. पहाटे आंघोळ, तुळशीला पाणी, कपाळाला गंध. झाडाचे पेरू उतरले की आमच्याकडे आठवणीनं पाठवायचे. आमच्या घरात घड्याळ होतं, पण आईचा विश्वास कंपनीच्या बसच्या हॉर्नवर. त्या हॉर्नवर ती भाजी फोडणीला टाकायची आणि त्याच हॉर्नवर मला झोपेतून उठवायची. रविवारी हॉर्न नसे. रविवारी सकाळी सुशीला, म्हणजे भिजवलेले चुरमुरे कांदा-मिरचीवर परतून त्यावर दाण्याचं कूट, आणि दुपारी येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी नि भाकरी. येसर भाजल्याचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. आता माझ्या सुनेच्या स्वयंपाकघरात धूर ओढून घेणारं यंत्र आहे. यंत्र चांगलंच आहे, पण कुणाच्या घरी काय शिजलंय ते गल्लीला कळत नाही, याची मला अजून चुटपुट लागते.

आबा लासूर स्टेशनजवळच्या आमच्या गावाहून आले होते. आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारी. घरात काठी सोडून पहिल्यांदा मायक्रोमीटर धरला तो अण्णांनी. कळप चुलत्याकडे राहिला, गुडघे दुखतात म्हणून आबा आमच्याकडे आले, आणि मग ज्याला राखायचं असं काही उरलं नाही म्हणून ते गल्लीतली पोरं, कुत्री आणि मालकांचे पेरू राखत बसले. अण्णा मात्र शहराचे झाले होते. कमी बोलायचे, वेळेवर यायचे, आणि कुठलाही वाद निघाला की एकच वाक्य म्हणायचे, "आपण कुणाच्या अध्यात ना मध्यात." मला ते वाक्य फार आवडायचं. मला वाटायचं, शहाणपण म्हणतात ते हेच असावं.

ते पुस्तक आम्हाला उलगडून दिलं विजयानं. विजया माझी कॉलेजातली मैत्रीण, अकरावीला एका बाकावर बसणारी. तिचे वडील, आप्पा, अण्णांच्याच टूलरूममध्ये होते आणि जेवणाच्या सुट्टीत दोघं एकमेकांच्या डब्यातलं खायचे. विजयाचं इंग्रजी आमच्या सरांपेक्षा बरं होतं आणि हे ती सरांना कळू देत असे. तिसरा नसीर, आमच्याच वर्गातला. क्रांती चौकात त्याच्या अब्बांचं सायकलीचं दुकान होतं. चार रविवार आम्ही ते पुस्तक खाली घालून वाचलं, तेव्हा कुठं कळलं की हा जुगार नाही. प्रत्येकानं एक पात्र व्हायचं, आणि एकानं गोष्ट सांगायची. तो म्हणणार, समोर दरवाजा आहे. आपण म्हणायचं, मी तो उघडते. आणि उघडतो की नाही ते फाशावर. गोष्ट सांगणाऱ्याला आम्ही सरपंच म्हणायचो. सरपंच नसीर झाला, कारण त्याला थापा मारता यायच्या. पुस्तकातलं भुयार आम्हाला दिसेना, म्हणून त्यानं सरळ दौलताबादच्या किल्ल्यातली अंधारी घेतली. ती आम्ही तिघांनीही शाळेच्या सहलीत पाहिली होती, आणि तिघंही तिथं घाबरलो होतो. विजया झाली तारा नावाची शिलेदार. मी झाले हरणी, वाट दाखवणारी. पात्रांची माहिती आम्ही कंपनीतून बाद झालेल्या ड्रॉइंगच्या पाठीवर लिहायचो. जाड, उत्तम कागद असायचा तो.

त्या पुस्तकात एक तक्ता होता, आणि खरा घोळ त्यानंच घातला. तुमचं पात्र मनानं कसं आहे, हे त्यात ठरवायचं असे. एकीकडे भला, मधला, दुष्ट. दुसरीकडे नियम पाळणारा, मधला, आणि नियमांना न जुमानणारा. त्यांच्या जोड्या लावल्या की नऊ जाती व्हायच्या माणसांच्या. विजयानं पहिल्याला 'रीतीचा' आणि शेवटच्याला 'मोकाट' असे शब्द काढले. मग आम्ही ओळखीच्या सगळ्यांना त्या नऊ खणांत बसवत सुटलो. आई रीतीची भली. नसीरचे अब्बा मोकाट भले, कारण कुणाचीही सायकल दुरुस्त करून मग पैसे मागायला विसरायचे. 'रीतीचा दुष्ट' ही काय भानगड आहे, ते मात्र मला उमगेना.

"जो रीत पाळतो तो दुष्ट कसा असेल?" मी म्हटलं.

विजया भाकरीचा तुकडा मोडता मोडता थांबली. "माझ्या आजोळी विहिरीवर आम्हाला जायची बंदी होती. तिथं कुणी शिव्या देत नव्हतं की मारत नव्हतं. सगळं रीतीनंच चाललं होतं. हा खण मला नको समजावून सांगू, नंदा."

नसीर म्हणाला, "लिख लो भई, ये खाना भर गया," आणि आम्ही तिघंही हसलो, पण तिचं हसणं जरा उशिरा आलं.

आता हा गुण ठरवायचा कुणी आणि केव्हा, हे सांगणारी दोन पानं मशीनच्या तेलानं एकमेकांना घट्ट चिकटलेली होती. नसीरनं ती सोडवायला घेतली आणि त्यांचा चोथा झाला. आम्ही डोकं धरून बसलो. तेव्हा उंबऱ्यापाशी बसून इतके दिवस नुसतं ऐकणारे आबा बोलले. "त्यात काय अवघड हाय? कुत्र्याचं कसं करतो आमी? पिल्लू असताना कुणी म्हणतं का, हा राखणदार? लई भुंकणारं असलं तरी त्याला पट्टा घालत नाय. कळपाबरोबर हिंडू द्यायचं. लांडगा आला अन् ते जागचं हललं नाय, मग घालायचा खिळ्यांचा पट्टा. अन् ते बी दुसऱ्यानं. कुत्रं सोताच्या हातानं पट्टा घालून घेतं का?"

तोच आमचा कायदा झाला. गुणाचा रकाना कोरा ठेवायचा. एक मोहीम संपली की ज्याचा कागद आहे त्यानं हात मागं घ्यायचे आणि बाकीच्या दोघांनी पेन्सिलीनं लिहायचं. पुढं पुष्कळ वर्षांनी मला कळलं की हे साफ चूक होतं. जगभर लोक खेळायला बसण्याआधी आपला गुण आपणच निवडतात आणि खुशाल 'भला' लिहून मोकळे होतात. आमची चूक मला अजूनही त्यांच्या बरोबरपेक्षा बरी वाटते.

पहिल्याच मोहिमेत नसीरनं अंधारीच्या तोंडाशी एक फाटक उभं केलं. आत पाणी, बाहेर तहानलेली माणसं, मध्ये पहारेकरी. ताराला काही विचारावंच लागलं नाही. ती फाटकावर धावून गेली. मी म्हटलं, "हरणी वळणावर थांबते. कोण जिंकतं ते बघते आणि मग ठरवते." मोहीम संपल्यावर दोघांनी ताराच्या कागदावर 'मोकाट भली' लिहिलं आणि माझ्या कागदावर 'मधली'. मी खूश झाले. अण्णांचंच वाक्य जणू मला बक्षीस मिळालं होतं. विजया फक्त म्हणाली, "तू नेहमी वळणावर थांबतेस गं." मला ते कौतुकच वाटलं.

असे कितीतरी रविवार गेले, आणि फार सुखाचे गेले. मग शहर तापलं. विद्यापीठाचं नाव बदलावं की नाही, यावरून आधीच किती वर्षं धुमसत होतं. त्या दिवसांत नामांतर हा शब्द बसस्टॉपवर, पाण्याच्या टँकरपाशी, वर्गात, सगळीकडे होता. आज बंद, उद्या मोर्चा. खेड्यांतून वाईट बातम्या यायच्या, आणि त्या सांगताना माणसं आधी समोर कोण आहे ते बघून घ्यायची. ज्यांचं नाव मागितलं जात होतं, त्यांचा फोटो विजयाच्या घरात दारासमोरच लावलेला होता. आमच्या वर्गात मुली बाक बदलायला लागल्या. मी बदलला नाही. पण त्या विषयावर मी तोंडही उघडलं नाही, आणि त्यालाच मी मैत्री समजत होते.

एका शुक्रवारी मालक अण्णांशी बोलायला आमच्या दारात आले. आवाज नेहमीसारखाच मऊ. "मला काही वाटत नाही हो, पण गल्ली बघते. त्या मुलीचं येणं तूर्त थांबवा. उद्या एखादा दगड आला तर कोणाच्या घरावर येणार?" अण्णांनी मान डोलावली. मालक गेल्यावर ते बराच वेळ बूट पुसत बसले, मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "थोडे दिवस खेळ नको. सांग तिला नीट."

नीट म्हणजे कसं, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मला जमण्यासारखं नव्हतं. शनिवारी कॉलेज सुटल्यावर मी विजयाला सांगितलं की पुस्तक साहेबाचं होतं, ते कंपनीनं परत मागवलं, खेळ बंद झाला. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं." दुसऱ्या दिवशी नसीर आला, तेव्हा मी त्याला सांगितलं की विजयाला बरं नाही. आणि आम्ही खेळलो. हे लिहायला मला आज चाळीसेक वर्षांनंतरही लाज वाटते, पण खरं ते खरं. तिची जागा मोकळी ठेवून, तिचा कागद खोक्यात ठेवून, मी हरणीला घेऊन अंधारीत एकटीच हिंडले.

असली लबाडी किती दिवस टिकणार! सोमवारी नसीरनं विजयाला तब्येत विचारली. मला दोघांनीही काही म्हटलं नाही. विजया त्या आठवड्यात बाकावर बसायची, वही लिहायची, आणि तास संपला की उठून जायची. मधे फक्त वीतभर अंतर होतं. तिची मैत्री गेली तर माझ्याजवळ फार काही उरणार नाही, हे मला त्या आठवड्यात कळलं.

पुढच्या रविवारी आई चुरमुरे भिजवत होती आणि दाराशी विजया उभी. मागं नसीर, सायकल धरून. तिनं चपला काढल्या नाहीत. "काकू, मी बसायला आले नाही," ती आईला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "मागच्या रविवारची मोहीम झाली ना? तिचा गुण लिहायचा राहिलाय. तो दुसऱ्यानं लिहायचा असतो. काढ कागद."

मी खोकं आणलं. हात मागं घेतले, कायद्याप्रमाणे. तिनं 'मधली' हा शब्द खोडरबरानं पुसायला सुरुवात केली. इतका जोर लावून पुसला की कागद तिथं झिरझिरीत झाला. मी वाट बघत होते. नऊ खणांतला कुठलाही शब्द आला असता तरी मी तो घेतला असता, इतकी माझी तयारी झाली होती.

"अब लिखो ना," नसीर म्हणाला.

"नाही," विजया म्हणाली. "कोरा राहू दे. आबांनी सांगितलंय, लांडगा आल्याशिवाय लिहायचं नाही."

त्याच वेळी मालकांची खिडकी उघडली. "नंदा," ते हळूच म्हणाले, "काय ठरलं होतं आपलं?"

विजया वळून निघाली. दोन पावलं गेली असेल. मला एवढंच कळत होतं की ती आत्ता खिडकीसमोरून गेली, की पुन्हा या दारात येणार नाही. मी शूर नव्हते. मी आतून चटई ओढत आणली आणि आमच्या दारात नाही, तर पुढं मालकांच्या ओट्यावर, गल्लीच्या तोंडावर अंथरली. खोकं त्यावर ठेवलं. विजयाचा हात धरला आणि खिडकीकडे बघून म्हटलं, "काका, आज आम्ही इथंच बसतो. आत उजेड कमी आहे."

माझ्या सबंध आयुष्यातलं हे सगळ्यात मोठं भाषण. गल्लीत दोन-तीन दारं किलकिली झाली. विजया बसेना, हातही सोडवून घेईना. मग आई आली. तिनं सगळा सुशीला एकाच परातीत ओतला होता, आणि परात चटईच्या मधोमध ठेवून तिनं पहिला घास स्वतः घेतला. "विजे, खाय. गार व्हायला," ती म्हणाली, आणि आपल्या तांब्यातलं पाणी तिच्यासमोर सरकवलं. विजयानं चपला काढल्या. आबा उठून आले, गुडघे धरत खाली बसले. "मला बी एक कागद द्या. इतके दिस नुसतंच बघायलो." नसीर म्हणाला, "दादा, फासे को हात लगाना पडता." आबा म्हणाले, "लावतो की. काय चावतंय व्हय ते?"

अण्णा गिरणीवरून आले तेव्हा आम्ही पाच जण परातीभोवती होतो. सायकलच्या कॅरिअरवर पिठाचा डबा. ते थांबले, आम्ही थांबलो. त्यांनी खिडकीकडे बघितलं, मग गल्लीकडे, मग विजयाकडे. "विजू, आप्पांना सांग, उद्या डबा आणू नका म्हणावं. मी दोघांचा आणतो." आणि पिठाचा डबा घेऊन आत गेले. नंतर त्यांच्यामागं मी आत गेले, तर कोनाड्याकडे तोंड करून ते म्हणाले, "कंपनीत त्याच्या डब्यातलं खातो मी, नंदा, अन् घरी त्याच्या लेकीला दारातून परतवत होतो. मलाच लाज वाटायली." अण्णांच्या तोंडून एवढी वाक्यं सलग मी त्याआधी ऐकली नव्हती.

दगड काही आला नाही. मालकांनी मात्र महिन्याभरानं खोल्या मागितल्या, अगदी नम्रपणे, पुतण्याचं लग्न ठरल्याचं सांगून, वर पिशवीभर पेरू देऊन. रीतीनंच केलं सगळं. आम्ही त्याच वस्तीत पलीकडे, आणखी आतल्या गल्लीत गेलो. छत पत्र्याचं होतं, बसचा हॉर्न नीट ऐकू यायचा नाही, आणि आईची भाजी पहिले चार दिवस करपली. सामान नसीरच्या अब्बांच्या हातगाडीवरून नेलं. गाडी ओढायला नसीर, मागून ढकलायला विजया आणि मी, आणि वर घोंगडीवर बसलेले आबा वाट दाखवत होते, जी आम्हाला सगळ्यांना माहीत होती.

त्या ओट्यावरची मोहीम संपली तेव्हा मी हात मागं घेतले होते. नसीरनं पेन्सिल विजयाकडे दिली. तिनं विचार केला आणि पेन्सिल खाली ठेवली. "एका लांडग्यानं पट्टा मिळतो का, आबा?"

"नाय," आबा म्हणाले. "एक उन्हाळा तरी जाऊ दे."

तो उन्हाळा गेला, आणि नंतरचेही पुष्कळ गेले. विद्यापीठाला नवं नाव मिळालं त्या दिवशी विजया पेढे घेऊन सगळ्यात आधी आमच्या पत्र्याच्या घरी आली होती, आणि आबांच्या फोटोपुढं एक ठेवून मग मला दिला होता. ती प्राध्यापक झाली, प्राचार्यांना आणि मंत्र्यांना सारख्याच आवाजात सुनावत निवृत्त झाली. नसीरचं दुकान आता मुलगा बघतो. आम्ही तिघं भेटतो तेव्हा खेळतोच असं नाही, पण खोकं मध्ये असतं.

गेल्या महिन्यात ती जेवायला आली होती. माझा नातू कॉम्प्युटरवर असलाच एक खेळ खेळत होता. पहिल्याच पडद्यावर त्यानं 'भला' वर बोट ठेवलं आणि पुढं गेला. विजया चष्म्यावरून बघत राहिली. "अरे, तुला कुणी सांगितलं तू भला आहेस?" तिनं विचारलं. त्याला प्रश्नच कळला नाही. मी खोकं काढलं, हरणीचा कागद तिच्यापुढं ठेवला. कडा पिवळ्या पडल्यात, पुसलेल्या जागी आता बारीक भोक आहे. मी दोन्ही हात मागं घेतले आणि म्हटलं, "विजे, साठी उलटली. आता तरी लिही की काहीतरी."

तिनं कागद उचलून उजेडात धरला. "राहू दे," ती म्हणाली. "लिहिलं की तू निवांत होशील."

मग तिनं सुनेकडे सुशीला मागितला, आणि पेन्सिल स्वतःच्या पर्समध्ये टाकली.